घर पाहिलेलं आहे

माझा भाऊ गेल्याची बातमी मला घरातून कळली नाही, गुंतवणूकदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. व्हाइटफील्डला मुलाच्या फ्लॅटमध्ये सकाळची कॉफी घेत बसले होते, तेवढ्यात मेसेज आला, ‘दत्तात्रेय राव यांचे आज निधन झाले. ओम शांती.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि त्या रांगेच्या मधेच कुणीतरी विचारलं, ‘आरोपी वारला तर केस लांबते का?’ त्याला लगेच उत्तरही आलं, लांबत नाही, फक्त नाव वगळतात. विचारणाऱ्याने अंगठ्याचं चित्र टाकून आभार मानले. आरोपी म्हणजे माझा अण्णा. वहिनीचा फोन आला तो यानंतर, आणि ती बिचारी मला हळूहळू सांगायला बघत होती... माझेही पैसे त्या कंपनीत बुडालेत, म्हणून मी अजून त्या ग्रुपवर आहे. नाहीतर त्या दिवशी चार शब्द सुनावून बाहेर पडले असते.

मेट्रोने राजाजीनगरला अण्णाच्या घरी जाताना रडू आलं नाही, संताप आला. अजून येतो. काही आठवडे उलटले म्हणजे माणूस निवळतो, असं म्हणतात. मी काही निवळलेले नाही, आणि हा लेख वाचून कुणाला राग आला तर येऊ दे. ज्यांना येईल त्यांनी अण्णाला कसं वागवलं ते मी पाहिलेलं आहे.

अण्णा एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. पण आमच्या लोकांत त्याची ओळख त्या नोकरीमुळे नव्हती. आमची घराणी काही शतकांपूर्वी फौजांबरोबर इकडे कन्नड मुलखात आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि घरातल्या मराठीतही ‘थोडं’ला ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ला ‘सरी’ इतकं मुरलेलं, की पुण्याचा पाहुणा आला की गालात हसतो. माणसं थोडी आणि विखुरलेली, त्यामुळे लग्न जमवायचं तर मध्ये भरवशाचा माणूस लागतो. तो माणूस अण्णा. मुलाकडच्या घरी तो न कळवता जायचा, कॉफी घ्यायचा, घरातली सून मोकळेपणी बोलते की सासूकडे बघून बोलते हे पाहायचा, आजोबांच्या अंगावरचं पांघरूण स्वच्छ आहे का हे पाहायचा. परत येऊन मुलीच्या बापाला एवढंच सांगायचा, “घर पाहिलेलं आहे.” मग बाप पुढचं काही विचारत नसे, सरळ नारळ आणायला जायचा. अण्णाने होय म्हटलेली लग्नं टिकली, हे त्याचे दुष्मनही कबूल करतील. अर्थात तेव्हा त्याला दुष्मन नव्हते.

त्याला हा मोठेपणा आवडायचा, हे मी लपवणार नाही. आमच्या समाजाच्या हॉलमध्ये शिरला की दोन्ही बाजूंची माणसं उठून उभी राहायची आणि अण्णा ‘बसा, बसा’ म्हणत जरा जास्तच हळू चालायचा. मी त्याला चिडवायचे, “अण्णा, तुला पालखी मागवू का?” तर म्हणायचा, “मागव की, पुढचे भोई तुझ्या सासरचे घे.” माझ्या नवऱ्याचे सगळे भाऊ ठेंगणे होते.

प्रमोद आला तो असाच, आमच्यातला म्हणून. व्हाइटफील्डच्या एका काचेच्या इमारतीत त्याची गुंतवणूक सल्ल्याची कंपनी होती. दारात माणूस, आत गालिचा, आणि कॉफी द्यायला टाय लावलेली मुलगी. पण आमच्या हॉलमध्ये बोलायला आला तेव्हा चपला बाहेर काढून आला, म्हाताऱ्यांच्या पाया पडला आणि अस्सल आमच्या घरच्या मराठीत बोलला. “बँकेत पैसे झोपतात हो काका, माझ्याकडे स्वल्प फिरून येतात.” म्हातारी मंडळी विरघळली. निवृत्त माणसाला दर महिन्याला घरबसल्या चांगलं व्याज, आणि तेही आपल्या भाषेत समजावून सांगणारा मुलगा! तरी कुणीतरी म्हणालंच, जरा चौकशी करायला हवी. मग आमच्या लोकांनी केली ती चौकशी ऐका. त्यांनी अण्णाला पाठवलं. अण्णा प्रमोदच्या घरी न कळवता गेला. आई देवाधर्माची, बायको मोकळेपणी बोलणारी, आजोळ होसूरकडचं माहितीतलं, गोत्र ठीक. कंपनीला परवाना आहे का, पैसे नेमके कुठे गुंतवतात, हे ना अण्णाने विचारलं, ना त्याला पाठवणाऱ्या बँक मॅनेजरांनी, प्राध्यापकांनी आणि एका ऑडिटरने. शिकलीसवरलेली माणसं, पण जन्मभराचे पैसे द्यायच्या माणसाची चौकशी त्यांनी जावई शोधावा तशी केली. पुढच्या सभेत अण्णा उभा राहिला आणि म्हणाला, “घर पाहिलेलं आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात माझ्याही होत्या.

पहिली काही वर्षं व्याज वेळेवर आलं. कुणी मुलाला परदेशी पाठवलं, कुणी घरात लिफ्ट बसवली. मग एका महिन्यात उशीर झाला, मग सर्व्हर बिघडला असं कळलं, आणि मग काचेच्या इमारतीच्या दाराला साखळी दिसली. आमची मंडळी त्या बंद दारासमोर उन्हात उभी होती आणि ऑफिसला जाणाऱ्या मुलामुलींच्या टॅक्सी त्यांना हॉर्न देऊन बाजूला व्हायला सांगत होत्या. शामराव नावाचे एक निवृत्त मॅनेजर पुढे झाले आणि गुंतवणूकदारांची समिती निघाली. जबाबदार माणसांना कोर्टात खेचायचंच, अशी शपथ झाली. मागणी रास्तच होती. पण प्रमोद आत गेला, जामिनावर सुटला आणि वकिलाआड लपला. संचालक म्हणून कागदावर होता तो त्याचा ड्रायव्हर. हाताला लागेल असा एकच माणूस होता आणि तो राजाजीनगरला दार उघडं ठेवून बसलेला होता.

अण्णाचे स्वतःचे पैसे गेले होते, वहिनीचे दागिने मोडून घातलेले. ते कुणाला खरं वाटेना. प्रत्येक माणसामागे अण्णाला कमिशन मिळत होतं, ही अफवा कुठून निघाली ते देवाला ठाऊक. अण्णाने आधी हसण्यावारी नेलं, मग शपथा घेतल्या, मग लोकांना बँकेची पासबुकं दाखवायला लागला. ते मला बघवत नसे. ज्याच्या एका शब्दावर लोक मुली देत होते तो माणूस पासबुक उघडून उभा, आणि समोरचा चष्मा वर करून पानं उलटतोय! वर म्हणतोय, “दुसऱ्या बँकेतही खातं असेल की.” पैसे मिळण्याची आशा अण्णाने लवकरच सोडली होती. त्याला एकच हवं होतं. प्रमोदने चारचौघांत सांगावं, की अण्णांनी माझ्याकडून काही घेतलेलं नाही. बस. त्यासाठी तो प्रत्येक तारखेला कोर्टात जायचा. एकदा मी बरोबर होते. प्रमोद पायऱ्या उतरत होता, शामराव आणि समितीची माणसं बाजूलाच उभी होती. अण्णाने त्याला अडवलं. “प्रमोद, मी शिव्या द्यायला आलो नाही रे. यांच्यासमोर एवढं सांग, मी घेतलं का काही?” प्रमोदने खिशातून फोन काढला, त्यात बघत बघत गाडीत बसला आणि काच वर केली. शामराव माझ्याकडे वळून म्हणाले, “बघा अक्का, नाही म्हणाला का तो?”

त्यानंतरचं लग्न मला विसरता येत नाही. आमच्या हॉलमध्ये केळीच्या पानावर वरणभात पडला, की त्यावरचं पहिलं तूप वाढायचा मान कित्येक वर्षं अण्णाचा होता. त्या दिवशी कुणी बोलावलं नाही, तरी त्याने सवयीने भांडं उचललं. वहिनी माझ्या शेजारी होती, ती पुटपुटली, “नको हो, जाऊ नका...” पण तो पोचला होता. पहिल्या पानावर एक गृहस्थ होते. त्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं अण्णाने जमवलेली. अण्णा वाकला, आणि त्यांनी पानावर हात आडवा धरला. “बेडा,” म्हणाले. अण्णाशी जन्मभर मराठीत बोललेला माणूस, पण परक्या वाढप्याला सांगावं तसं कन्नडमध्ये नको म्हणाला. शेजारच्याने ते पाहून हात आडवा धरला, मग त्याच्या शेजारच्याने. अण्णा प्रत्येकापुढे वाकत गेला. मधेच परत फिरला असता तर बरं झालं असतं, पण पंगत अर्धी सोडायची नाही ही त्याची रीत. शेवटच्या पानापर्यंत गेला, एक थेंबही न वाढता भांडं जागेवर ठेवलं आणि हात धुऊन न जेवता घरी गेला. पंगतीत कुणीतरी म्हणालं, “बिनतुपाचा भात घशाखाली उतरत नाही बुवा,” आणि लोक हसले. मग दुसऱ्याने भांडं फिरवलं आणि सगळ्यांनी तूप घेतलं.

पुढे समितीने नव्या तक्रारीत अण्णाचं नाव कंपनीचा एजंट म्हणून घातलं. मी शामरावांना जाब विचारायला गेले. ते अगदी गोड बोलले. “मनाला लावून घेऊ नका अक्का. प्रमोद काही हाताला लागत नाही. कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं, नाहीतर पोलीस फाईल उघडत नाहीत.” मी म्हटलं, “मग तुमचं द्या की!” तर त्यांनी बायकोला कॉफी आणायला सांगितलं. माणूस मेल्यावर फार लोक त्याच्याविषयी चांगलं बोलतात, पण मी शामरावांच्या बाबतीत तेवढं करीन असं वाटत नाही.

पोलिसांनी अण्णाला जबाबासाठी बोलावलं. एका तरुण अधिकाऱ्याने त्याला दिवसभर बाकावर बसवलं आणि संध्याकाळी उद्या या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्यांदा गेला तेव्हा वहिनीने डबा दिला होता, तो तसाच परत आला. घरी येऊन अण्णा वहिनीला म्हणाला, “शांता, तो मुलगा मला अरेतुरे करतो गं.” बाकी कशाविषयी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला पाणी काढलं आणि तिथेच कोसळला. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. म्हणू देत.

तेराव्याच्या जेवणाला कुणी येणार नाही अशी आमची कल्पना होती, पण हॉल भरला. मेलेल्या माणसावर राग धरू नये एवढं औदार्य आमच्या लोकांत आहे, विशेषतः जेवण असेल तर. पानं मांडून होत होती, तेवढ्यात दारात गलबला झाला. प्रमोद आला होता. पांढरा शर्ट, चपला बाहेर काढून. त्याची आई देवळातून आणलेला अंगारा घेऊन मागे उभी. कुणी त्याची गचांडी धरील असं मला वाटलं. कुणीही धरली नाही. उलट वाट करून दिली. तो अण्णाच्या फोटोसमोर लांबलचक आडवा झाला, उठला, डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “देवमाणूस होता हो. सगळ्यांनी माझ्याकडून काही ना काही घेतलं, अण्णांनी एक कॉफीसुद्धा घेतली नाही.”

हॉलमधून एकेक सुस्कारा ऐकू यायला लागला. “मी म्हणतच होतो,” पंगतीत पहिला हात आडवा धरणारे ते गृहस्थ म्हणाले. अण्णाने शपथा घेतल्या, पासबुकं दाखवली, पायऱ्यांवर भीक मागावी तसं विचारलं, ते यांना पटलं नव्हतं. आणि यांना लुबाडणाऱ्या चोराचा शब्द मात्र क्षणात पटला! वहिनी उठून त्याच्यासमोर गेली. तिने आवाज चढवला नाही. “हे विचारत होते तेव्हा का नाही बोललास?”

“वकिलांनी काही बोलू नका म्हणून सांगितलं होतं, काकू,” प्रमोद म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आजूबाजूच्यांनाही नाही. “केस चालू होती ना,” कुणीतरी समजूत घातली. शामरावांनी त्याला बसायला खुर्ची दिली. जेवणं झाल्यावर तो हात धूत असताना मी ऐकलं, नवीन काहीतरी सुरू करतोय, त्यातून जुन्या लोकांचे पैसे आधी फेडणार आहे... चार जण त्याच्याभोवती टॉवेल घेऊन उभे होते. शामराव त्याचा नवा नंबर फोनमध्ये घालत होते.

सध्या मी वहिनीजवळ राहते. अण्णाचं नाव तक्रारीतून गेलं, त्याचा मोठा फोटो हॉलमध्ये लावायचा ठराव झाला, आणि संध्याकाळी माणसं घरी यायला लागलीत. दिवेलागणीला अण्णा पुढच्या खोलीत बसायचा, कुणाला काही विचारायचं असेल तर सरळ आत यावं म्हणून. त्याच वेळेला येतात, हातात मोसंबी, केळी. वहिनी आतून कडी घालते, खोलीतला दिवा लावते आणि अण्णाच्या खुर्चीवर जाऊन बसते. बेल वाजते. बाहेरचे थांबतात, कुजबुजतात, पुन्हा वाजवतात. पहिल्या दिवशी मी उठायला लागले, तर तिने हाताला धरून बसवलं.

मी हळूच म्हटलं, “वहिनी, निदान दिवा तरी मालव. आपण आत बसलोय हे त्यांना खिडकीतून दिसतंय.”

“दिसावं म्हणूनच लावलाय,” वहिनी म्हणाली.