सुई घामानं जिरत नाही

सुरेशराव, ताप उतरला का? शालनवहिनी, अंगदुखी कशी आहे? दत्तोबा, तुझा दंड अजून ठणकतोय का? काल आपण सगळ्यांनीच शिबिरात फ्लूची लस घेतली, म्हणून एकेकाला विचारतोय.

आज सकाळी वसंता नेहमीसारखा आमच्या चिंचवडच्या तालमीत आला. अंग कोमट लागत होतं. म्हटलं, "आज राहू दे." तर म्हणतो, "न्हाई राव, घाम निघाला की सुई जिरती. आपल्यात असंच करत्यात."

रोजच्या निम्मे जोरही झाले नसतील, तोच तो भिंतीला टेकला. तोंड पांढरंफटक. मनगट धरलं तर नाडी नुसती पळत होती. तसाच रिक्षात घालून दवाखान्यात नेला. कार्डिओग्राम निघेपर्यंत, फोन ऐकून धावत आलेली त्याची बायको पदराला पीळ घालत बसली होती.

कार्डिओग्राम चांगला आला, बाबांनो. डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, "पैलवान, आज तुमची कुस्ती आतच चालू आहे. लस घेतल्यावर काहींना ताप येतो, नेहमीच्याच मेहनतीला छाती जास्त धडधडते. बरं वाटत असेल तर हलकं चाला. पण अंगात ताप असताना जोर-बैठका अजिबात नकोत."

वसंता आता घरी मुगाची खिचडी खातोय.

दत्तोबा, तूही आज संध्याकाळी घाम काढायला जाणार म्हणाला होतास. दुपारपासून फोन उचलत नाहीस. लंगोट खुंटीलाच राहू दे, आणि हे वाचलंस की आधी दोन ओळी लिही रे.