बर्फाच्या कारखान्यातली बाई

नव्वदच्या दशकात मी अमिरातीतल्या खोर फक्कानला बंदरात नोकरी करत होतो. आमच्या बिल्डिंगमागे बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना होता आणि म्हातारा अरब मालक तो पाडणार होता. त्या उन्हाळ्यात तिथे रोज एक साठीची परदेशी बाई मोजमापाची टेप घेऊन यायची. भिंतीवर टिचकी मारून कान लावायची आणि स्वतःशीच हसायची. एकदा तिने टेपचं दुसरं टोक सरळ माझ्या हातात दिलं.

ती आर्किटेक्ट होती, मुलाकडे सुट्टीला आलेली. तिच्या गावात सहा महिने बर्फ असायचा. तिथला ओसाड ट्राम डेपो तिने काचेचं छप्पर घालून मुलांना खेळायला दिला होता.

"तुमच्याकडे ऊन, आमच्याकडे थंडी," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "मुलं दोन्हीकडे घरातच कोंडलेली."

कारखान्यात मुलांना खेळायला जागा कशी करता येईल, याचा तिने काढलेला नकाशा मालकाने उलटसुलट फिरवून बघितला. मग म्हणाला, "यल्ला, चला, एक सुट्टीचा शुक्रवार बघू."

त्या शुक्रवारी झरोके उघडले. जाड भिंतींमुळे आत छान गार होतं. "बाबा, इट्स सो बिग," म्हणत माझी मुलगी सुसाट धावली. तिच्यामागे बिल्डिंगमधली सगळी पोरं, मग त्यांच्या आया, मग मी. शेवटी अंगातला पायघोळ कंदुरा गुडघ्यापर्यंत उचलून मालकही पकडापकडीत आला. बाई मधोमध हात पसरून गरगर फिरत होती.

पुढच्या आठवड्यात ती परत गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं. कारखाना पाडायचं मात्र मालकाने पुन्हा काढलं नाही. काही वर्षांनी आम्ही दुबईला सामान हलवलं, त्या दुपारीही आतून पोरांचा गलका ऐकू येत होता.