किल्लीसकट पोटाचा फोटो

“ही फिल्म माझी नाही, डॉक्टर,” असं मी परळच्या एका हॉस्पिटलात, भर ओपीडीत, ठणकावून सांगितलं. संशय अगदीच उगाच नव्हता. एक्स-रेच्या रांगेत माझ्यापुढे एक ढेरपोटे गृहस्थ कण्हत उभे होते. फोटोतलं ते फुगलेलं आतडं त्यांनाच शोभलं असतं.

डॉक्टर वयाने आमच्या मुलीएवढी. तिने फिल्मवर खाली बोट ठेवलं. तिथे कमरेच्या हाडावर एक पांढरीशुभ्र किल्ली.

“अगं बाई!” बायको म्हणाली. “ही तर आमच्या कपाटाची!”

धातूचं सगळं काढा म्हटल्यावर मी घड्याळ, अंगठी, चष्मासुद्धा काढला होता. करगोट्याला बांधलेली किल्ली मात्र आता अंगाचाच भाग झालीय. लालबागच्या आमच्या खोलीत चोरण्यासारखं काही नाही, पण माझा कुणावर विश्वास बसत नाही, त्याला काय करणार?

म्हणजे पोट माझंच. डॉक्टरने दाखवलं, मोठ्या आतड्यात हवा भरलीय, आणि सुजलेल्या भिंतीवर ओल्या कणकेत अंगठा दाबावा तसे खळगे पडलेत. “आजच अ‍ॅडमिट व्हा. उद्या परत फोटो काढू. आणखी फुगलं तर ऑपरेशन.”

मला वाटलं, यांना खाट भरायचीय. पोट बरेच दिवस पिळवटत होतं, शौचाला रक्त पडत होतं, हे खरं. रक्ताचं तर मी डॉक्टरपुढेच पहिल्यांदा बोललो. तोवर मी नाक्यावरच्या सरबतवाल्यावर संशय घेतला, मित्राच्या डब्यावर घेतला, घरातल्या नव्या तेलावरही घेतला. आतड्यावर तेवढा घेतला नाही.

सलाईन लावून पडलो, तर वॉर्डाच्या दारात बायको आणि डॉक्टर कुजबुजत उभ्या. मी मान वळवली तशा दोघी गप्प. झालं! नक्की कापणार, आणि मला सांगत नाहीत.

दुसऱ्या दिवशीचा फोटो बघून डॉक्टर हसली. “फुगा उतरलाय, काका. औषधांवर भागेल.”

ती गेल्यावर मी बायकोला धरलंच. “काल तिच्याशी काय एवढं बोलत होतीस?”

“विचारत होते,” ती म्हणाली, “बायकोपासून रक्त लपवणाऱ्या माणसाच्या मनातलं फोटोत काही दिसतं का. ती म्हणाली, नाही. मग म्हटलं, तुम्ही आधी ह्यांना बरं करा, पुढचं मी बघते.”