अंकिताचं जुनं लिव्हर

"तुमचं ऐकतील ते. तुम्हीच विचारा," सर्जन फोनवर म्हणाले.

वाशिममधल्या माझ्या ओपीडीत तेव्हा अंकिता वजनकाट्यावर उभी होती. वय नऊ, वजन बावीस किलो. आठ दिवसांवर तिचं ट्रान्सप्लांट आलं होतं. तिचे वडील प्रल्हाद स्वतःच्या लिव्हरचा तुकडा तिला देणार होते. सर्जनना हवं होतं ते तिचं काढलेलं लिव्हर, दुसऱ्या पेशंटसाठी.

अंकिताला जन्मापासून एमएसयूडी हा आजार. प्रथिनांतले काही घटक तिच्या शरीराला मोडता येत नाहीत. ते रक्तात साचतात आणि मेंदूला बाधतात. लघवीला काकवीसारखा वास येतो. ती तान्ही असताना त्या वासावरूनच मला शंका आली होती. वरण, दूध सगळं मोजून. साध्या तापातही पोर गुंगीत जायची.

बाकी तिचं लिव्हर ठणठणीत होतं. त्यात फक्त एक एन्झाइम नीट काम करत नव्हतं. निरोगी माणसाच्या स्नायूंतही ते एन्झाइम असतं. त्यामुळे असं लिव्हर दुसऱ्याला बसवलं, तर बाकीचं शरीर ती उणीव भरून काढतं. वडिलांचं लेकीला, लेकीचं तिसऱ्याच माणसाला. याला डोमिनो ट्रान्सप्लांट म्हणतात.

"धोका किती?" मी विचारलं.

"आजवरचे रिझल्ट चांगले आहेत. पण केसेस थोड्या. शंभर टक्के कोणीच सांगू शकणार नाही."

"मग मी तसंच सांगेन."

रविवारी मी आसेगावला त्यांच्या मळ्यात गेले. अंकिताची आई वंदना बाजारासाठी वांगी निवडत होती. मी सगळं सांगितलं. प्रल्हादनी विचारलं, आमच्या पोरीच्या ऑपरेशनात यानं काही फरक पडेल का. रक्तवाहिन्या कापताना दोन्ही पेशंटचा विचार करावा लागतो, पण अंकिताच्या बाबतीत तडजोड होणार नाही, हे मी सर्जनकडून पक्कं करून घेतलं होतं. ते ऐकून त्यांनी होकारार्थी मान हलवली.

वंदनानं एक किडकं वांगं बाजूला टाकलं. मग म्हणाली, "मॅडम, किडकं वांगं आमी गिऱ्हाईकाले देत नाही. हे माह्या पोरीले नऊ वर्सं नडलं. ते दुसऱ्याच्या पोटात कसं घालू?"

मी स्नायूंची गोष्ट पुन्हा सांगितली. पेशंट लहान चणीची बाई आहे, तिला एवढ्या पोरीचं लिव्हर पुरेल, तिचं स्वतःचं निकामी झालंय, एवढंच मला सांगता येत होतं. नाव सांगायचं नसतं.

"तिले हे समदं सांगतलं का?"

"सांगतील."

"सांगतील नाही. सांगतलं का?"

बांधावरूनच सर्जनना फोन लावला. ते म्हणाले, ॲडमिट झाल्यावर सांगूच की, आणि तिच्यापुढे दुसरा पर्याय तरी कुठे आहे. मी म्हटलं, म्हणूनच आधी सांगा.

परत आले तर अंकिता वाट पाहत उभी. "मायं लिव्हर घेतल्यावर तिले वरण खाता येईल?"

"येईल. पोटभर."

"मंग देऊन टाका," ती म्हणाली. आईनं तिच्याकडे पाहिलं.

दोन दिवसांनी सर्जनचा फोन आला. त्यांनी स्वतः बसून त्या बाईला सगळं सांगितलं होतं, धोक्यासकट. तिनं एकच विचारलं होतं: माझ्यामुळे त्या मुलीला जास्तीचा त्रास होणार नाही ना? मी हे वंदनाला कळवलं. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "घ्या मंग सही."

ऑपरेशन झालं. प्रल्हादना तीन महिने ओझं उचलायला बंदी होती. ती त्यांनी अडीच महिनेच पाळली. अंकिताच्या शरीरानं बाराव्या दिवशी नव्या लिव्हरला विरोध केला. औषधांनी तो आटोक्यात आला. त्या बाईची कावीळ उतरली आणि तिच्या रक्तात ते घटक साचले नाहीत.

आता वर्ष झालं. अंकिता सगळं खाते. गोळ्या मात्र जन्मभराच्या. अभ्यासात ती मागेच आहे. आधी मेंदूला जे बाधलं ते ट्रान्सप्लांटनं भरून निघत नाही, हेही मी तिच्या आईवडिलांना आधीच सांगितलं होतं. तरी ऐकताना वंदनाचे डोळे भरले होते.

दर तपासणीला लेकीचा रिपोर्ट पाहायच्या आधी ती विचारते, "ते बाई कशी आहे?" मी विचारून ठेवलेलं असतं. "बरी आहे," एवढंच सांगते.

फॉर्मवर सही घ्यायला दोन मिनिटं लागतात. त्या सहीला तीन दिवस लागले. आता कुठल्याही सहीला मी तीन दिवस धरूनच चालते.