न समजणारे सर

आमच्या सरांइतकं कमी समजणारा माणूस अख्ख्या भोपाळात शोधून सापडायचा नाही. हे मी कुणा शत्रूकडून ऐकून सांगत नाही. त्यांच्या हाताखाली शिकून, मग त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसून शिकवून आणि वर्षानुवर्षं त्यांच्या घरची साबुदाण्याची खिचडी खाऊन सांगते आहे. सर कॉलेजात जीवभौतिकी शिकवायचे. म्हणजे झाड एवढ्या उंचावर पाणी कसं चढवतं, एवढी लांब मान वरखाली करून जिराफाला चक्कर का येत नाही, असला विषय. हा विषय शिकवणाऱ्या माणसाला निदान चार गोष्टी तरी समजत असाव्यात, अशी कुणाचीही अपेक्षा असते. सरांना एकही समजत नसे. तुम्ही काहीही सांगा, सर चष्मा कपाळावर चढवायचे, डोळे बारीक करायचे आणि अगदी मनापासून, आवाजात जराही कुत्सितपणा न आणता म्हणायचे, "समजलं नाही. पुन्हा सांग." वर्गात हेच हिंदीतून व्हायचं, "समझ में नहीं आया. फिर से बताओ."

आमच्या पहिल्याच तासाला त्यांनी माझ्या शेजारी बसलेल्या मुलाला उभं केलं. टेबलावर एका बरणीत व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेलं अंडं होतं. ते साध्या पाण्यात टाकल्यावर टम्म फुगलं होतं. का फुगलं, एवढाच प्रश्न. मुलगा कोचिंग क्लासमधून तावूनसुलाखून निघालेला, त्यानं एका दमात ऑस्मॉसिसची व्याख्या म्हणून दाखवली. सर म्हणाले, समजलं नाही. मुलाला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. त्यानं तीच व्याख्या इतक्या मोठ्यानं म्हटली की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं. तरी समजलं नाही. तिसऱ्या वेळी बिचाऱ्याकडचे शब्दच संपले. "सर, पानी अंदर जाता है." "क्यों जाता है?" मुलानं छताकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "अंदर अच्छा लगता होगा, सर." वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. लॉटरी लागावी तसा त्यांचा चेहरा उजळला. "शाबास! अब तुम खुद बोल रहे हो. कल यहीं से शुरू करेंगे." तेव्हाच आम्हाला हे गणित कळलं. पहिल्यांदा सांगताना आपण पुस्तक बोलतो, दुसऱ्यांदा पुस्तक संपतं, आणि तिसऱ्यांदा नाइलाजानं जे तोंडातून बाहेर पडतं तेवढंच काय ते आपलं असतं.

विद्यार्थ्यांचं ठीक आहे हो, ते हक्काचे. पण सरांनी पाहुण्यांनाही सोडलं नाही. एकदा बाहेरगावचे एक बडे विद्वान व्याख्यानाला आले. पडद्यावर रंगीत हृदय धडधडतंय, लालभडक रक्त वाहतंय, सगळे कसे मंत्रमुग्ध. शेवटी प्राचार्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "समझ में नहीं आया." प्राचार्यांचे हात तसेच हवेत राहिले. पाहुण्यांनी हसून पुन्हा सांगितलं. मग न हसता सांगितलं. मग कोट काढला, पडदा बंद करायला लावला आणि खडू मागितला. त्यांची परतीची गाडी हबीबगंजहून होती. त्या स्टेशनचं नाव बदललं तरी सरांच्या पिढीची गाडी अजून हबीबगंजलाच थांबते. ती गाडी सुटली तेव्हा पाहुणे फळ्यापुढे उभे राहून स्वतःशीच पुटपुटत होते, "लेकिन ये तो मैंने मान ही लिया था…" प्राचार्य पुढे कित्येक दिवस सरांशी बोलले नाहीत. पाहुणे मात्र दुसऱ्या वर्षी कुणी न बोलावता, स्वतःच्या खर्चानं हजर झाले. सरांना समजल्याशिवाय आपल्याला झोप लागायची नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

टी. टी. नगरच्या बाजारात तर सर दिसले की भाजीवाले दुसरीकडे बघतात. तिथल्या एका भाजीवाल्याला त्यांनी विचारलं होतं की मलूल पडलेली मेथी पाणी शिंपडल्यावर ताठ का होते. "जान आ जाती है, साब." जान कुठून येते? "पानी से." मग पाण्यात जान असते, तर ती नळात का दिसत नाही? मागे गिऱ्हाइकं खोळंबली, एक बाई कोथिंबीर तशीच टाकून निघून गेली. शेवटी भाजीवाल्यानं अस्सल भोपाळी ढंगात हात जोडले, "को खां, मेथी ऐसे ही ले जाओ, पर ले जाओ." सर घरी येऊन म्हणाले, माणूस उदार आहे, पण चर्चा अर्धवट सोडतो.

आणि तो फोन! हल्ली सगळ्यांना येतात तसा सरांनाही एक भामट्याचा फोन आला. तुमचं खातं बंद पडणार, मोबाइलवर आलेला नंबर सांगा. सरांना यात कपट आहे हे कळलंच नाही. त्यांना खरोखर उत्सुकता वाटली. खातं बंद पडणार म्हणजे नेमकं काय होणार? माझा नंबर तुम्हाला सांगितला की ते उघडं कसं राहणार? "बेटा, समझ में नहीं आया. फिर से बताओ." मी तेव्हा त्यांच्याच घरी होते. माझ्यासमोर चहा आला, गार झाला, सरांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, दुसरा केला, तरी पलीकडचा मुलगा बापडा सांगतोच आहे. अखेर तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "अंकल, रहने दीजिए. आपका खाता ठीक है." सर फोन ठेवून हळहळले, "चांगला मुलगा होता गं. मला लागतं की, धीर असता तर शिकला असता." त्यांच्या तीन पिढ्या इंदूर-भोपाळात गेल्या, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट 'वाटत' नाही, 'लागते'.

या न समजण्याची सगळ्यात पहिली झळ अर्थात काकूंना बसली. सर उज्जैनला त्यांना बघायला गेले होते. मुलीला गाणं म्हणायला सांगावं, फार तर शिक्षण विचारावं. यांनी विचारलं, पुरणपोळी लाटताना पुरण बाहेर का येत नाही? काकूंनी मान खाली घालून सांगितलं की कणीक सैल हवी. समजलं नाही. कणीक सैल आणि पुरण तितकंच मऊ हवं. तरी समजलं नाही. तिसऱ्या वेळी काकू उसळून म्हणाल्या, "मग आत या, लाटूनच दाखवते." आणि नवरामुलगा सगळ्या वडीलधाऱ्यांच्या देखत उठून स्वयंपाकघरात गेला की! त्या रात्री काकूंच्या वडिलांनी घरात निकाल दिला, "मुलगा जरा मंद दिसतो, पण नोकरी सरकारी आहे." काकू ही गोष्ट सरांच्या तोंडावर सांगतात आणि सर प्रत्येक वेळी विचारतात, "मंद कशावरून?" संसारात मात्र काकूंनी त्यावर एकच उपाय काढला आहे. काही समजावून म्हणून सांगायचं नाही. "गॅस संपला" एवढं बोलायचं आणि दुसऱ्या खोलीत निघून जायचं.

मला ते जमलं नाही. मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी.ला लागले, विषय लाजाळू. बोट लावल्यावर तिची पानं मिटतात, ती कशी मिटतात. विभागाच्या गच्चीवर माझ्या कुंड्यांची रांग होती, आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत येणारा-जाणारा प्रत्येक जण पानांना बोट लावून जायचा. माझी सकाळभराची मोजमापं पाण्यात. शेवटी सरांनी स्वतःच्या हातानं पाटी लिहून टांगली, "हाथ न लगाएँ, पढ़ाई चल रही है." पण माझं खरं दुःख वेगळं होतं. मला एकदा, आयुष्यात एकदाच, सरांच्या तोंडून "समजलं" ऐकायचं होतं. प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण मी त्या आशेनं नेऊन दिलं आणि ते "पुन्हा सांग" म्हणून परत आलं. शेवटच्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तोंड भरून कौतुक केलं. आई पेढे घेऊन मागे बसली होती. तेवढ्यात सर कोपऱ्यातून म्हणाले, "पान मिटतं कसं ते हिने सांगितलं. पण परत उघडतं कसं, ते मला समजलं नाही." आईनं पेढ्यांचा डबा पुन्हा पिशवीत घातला. ती आजतागायत सरांना 'तुझा तो ढ मास्तर' म्हणते.

पुढे मी त्याच विभागात 'अतिथी विद्वान' झाले. आमच्या मध्य प्रदेशात तात्पुरत्या प्राध्यापकाला असं भारदस्त नाव आहे; त्यातला अतिथी दर उन्हाळ्यात नेमणूक संपली की खरा ठरतो, विद्वानाची चौकशी कुणी करत नाही. सरांची निवृत्ती जवळ आली तेव्हा प्राचार्यांनी मला साफ सांगितलं की तू विषय घेणार असशील तर जीवभौतिकी चालू राहील. नाही तर पुढच्या वर्षी प्रवेश बंद, आणि प्रयोगशाळेची खोली कॉम्प्युटरवाल्यांना. सर याबद्दल माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. फक्त एक दिवस त्यांनी मला उपकरणांच्या कपाटाची किल्ली दिली आणि म्हणाले, "हे कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं, हं. जबरदस्ती करू नको, उघडतं." मग स्वतः दोनदा उघडून दाखवलं आणि माझ्याकडून उघडून घेतलं.

आणि नेमकं तेव्हाच मला हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेतून बोलावणं आलं. नोकरी पक्की, उपकरणं अशी की आम्ही फक्त चित्रात पाहिलेली. मी होकार कळवला आणि रविवारी सकाळी सरांना सांगायला अवधपुरीला त्यांच्या घरी निघाले. स्कूटरवर वाटभर तयारी करत होते. पहिल्यांदा विचारलं की पक्क्या नोकरीचं सांगायचं. दुसऱ्यांदा, उपकरणांचं. तिसऱ्यांदा काय सांगायचं ते काही सापडेना. आणि खरं सांगू? त्या तिसऱ्या वेळेवरच माझी सगळी भिस्त होती. सरांनी खोदून खोदून विचारावं, माझी पाठ केलेली कारणं संपावीत आणि मला जायचंय की राहायचंय, ते माझं मलाच कळावं.

सर अंगणात तुळशीला पाणी घालत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "सर, मला हैदराबादला नोकरी मिळाली. पक्की आहे. जुलैत जायचंय." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. डोळे बारीक केले. मी दुसरं उत्तर तयार ठेवलं.

"समजलं," सर म्हणाले.

आत मिक्सर चालू होता, तो एकदम थांबला. काकू चटणीचं भांडं हातात घेऊन दारात आल्या आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघत राहिल्या. सरांनी पुन्हा झारी उचलली. "चाय पिऊन जा," म्हणाले आणि त्याच तुळशीला परत पाणी घालू लागले. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी मी जीव टाकला तो मिळाला, आणि मला तो तिथल्या तिथे परत करावासा वाटला. चहा मी घेतला, पण काय बोलले ते आठवत नाही. परत येताना स्कूटर रस्त्याकडेला लावून चांगली रडले.

विषय बंद झाला. खोली गेली. माझ्या लाजाळूच्या कुंड्या सरांनी रिक्षात घालून घरी नेल्या, आणि रिक्षावाल्यानंही बोट लावलं, असं काकूंनी कळवलं. मी हैदराबादला रुळले. सहा-सात महिन्यांनी एका रविवारी सकाळी फोन वाजला. सरांना कसे आहात, बरं आहे, हे येत नाहीच. "अगं, त्या दिवशी मी समजलं म्हणालो ना, ते खोटं होतं."

सर पुढे म्हणाले, "मला माहीत होतं, तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तू गेली नसतीस. म्हणून नाही विचारलं. आता तुझा जम बसला आहे, आता काही बिघडत नाही. सांग, का गेलीस? मला काहीच समजलेलं नाही."

मी नोकरीचं सांगितलं. समजलं नाही. उपकरणांचं सांगितलं. तेही समजलं नाही. मग मी बराच वेळ नुसती फोन धरून बसले. सरही थांबले, त्यांना घाई कधीच नसते. मागून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरीला नाश्ता तरी करू द्या," आणि सर म्हणाले, "बरं, कल यहीं से शुरू करेंगे."

तेव्हापासून दर रविवारी फोन येतो. लाजाळूला नवी पानं आली की कळतं, काकूंची तब्येत कळते, आणि मग चष्मा कपाळावर गेल्याचं मला इथून दिसतं. मी पहिल्यापासून सांगायला लागते. सरांना अजून समजलेलं नाही.