इस्त्री तापेपर्यंत

माझी धाकटी जाऊ लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. इस्त्रीचा लाल दिवा कधीच गेलाय, त्यामुळे ती तापली की नाही हे तिचं तिलाच ठाऊक. बटण दाबायचं, स्टुलावर बसायचं, प्रार्थना सावकाश म्हणायची, मग तेवढाच वेळ गप्प राहायचं. डोळे उघडले की इस्त्री तयार. अठ्ठावीस वर्षांत एक सदरा जळला नाही. मी म्हणायची, "देवाला बरं कामाला लावलंयस गं!" ती हसायची.

तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, बसचा कंडक्टर. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो झोपेतही थांब्यांची नावं ओरडतो. यंदा त्याचा आवाज बसला तो उठेचना. डॉक्टरांनी घशातल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट येईपर्यंत आठ दिवस अवाक्षर काढायचं नाही म्हणून बजावलं.

घर इतकं गप्प झालं की नळाचा थेंब पडला तरी दचकायला व्हायचं. रेडिओ पाटीवर लिहायचा. मी दोन यत्ता शिकलेली. मी अक्षरं लावेपर्यंत त्याचा चहा गार.

दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक परत आलं. "काकू, सुरकुत्या तशाच की!" जावेची प्रार्थना घोड्यावर बसली होती, आणि गप्प राहणं तर तिनं गाळूनच टाकलेलं. इस्त्री तापणार कशी? तिसऱ्या दिवशी उलट. बसली ती बसलीच. उठून पहिला हात फिरवला आणि समोरच्या मास्तरांच्या सदऱ्यावर हा एवढा काळा डाग.

"ताई," ती म्हणाली, "डोळे मिटले की गाठच दिसते. देव दिसत नाही."

"आधी दिसायचा का?"

"नाही. पण तो आहे, एवढ्यावर बसवत होतं."

"मग तसंच बस. मी बसते शेजारी."

बसले खरी, पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. गुडघे, गॅसवरचं दूध, ती गाठ, सगळं एकदम आठवायचं. तरी रोज बसलो. चौथ्या दिवशी इस्त्री कोमट, सहाव्या दिवशी बरी.

रिपोर्टच्या दिवशी दहाला दवाखान्यात पोचायचं होतं. रेडिओच्याच सदऱ्यासाठी तिनं इस्त्री लावली आणि डोळे मिटले. तो बनियनवर उभा, घड्याळावर बोट आपटतोय. पाटीवर मोठ्ठं "चल". मी तिला हलवणार, तेवढ्यात त्यानंच पाटी ठेवली आणि तिच्या पायाशी बसला. तिनं डोळे उघडले, ओलं बोट इस्त्रीला लावलं. चर्र! सदरा कडक झाला.

गाठ वाईट निघाली. ती काढायची, आणि आवाज राहील की नाही ते काढल्यावरच कळणार. ऑपरेशन मंगळवारी.

दुसऱ्या सकाळी तिघंही बसलो. जावेचा आवाज कापत होता, पण शब्द एकही गाळला नाही. रेडिओचे नुसते ओठ हलत होते. मी एक डोळा इस्त्रीवर ठेवला होता, खोटं कशाला बोलू?

मग त्यानं पाटी माझ्यासमोर धरली. मी अक्षरं लावली, पुन्हा लावली.

"मंगळवारी पण आधी इस्त्री लावू. मग निघू."