आमचे उणे बारा

आमच्या ह्यांना ग्रंथालयात सगळे ‘उणे बारा’ म्हणतात. अंधांसाठी बोलती पुस्तकं तयार करणारं ग्रंथालय ते. वाचणारी माणसं आपापल्या घरी बसून वाचतात आणि हे तळहाताएवढा रेकॉर्डर घेऊन त्यांच्या दारात हजर. रेकॉर्डरच्या काचेवर आवाजाची एक पट्टी नाचते. ती शून्याला टेकली की आवाज फाटला म्हणून समजा. फार खाली राहिली तर मागे नुसती खरखर. ती उणे बाराच्या आसपास खेळली पाहिजे, असं हे येईल-जाईल त्याला ऐकवतात. लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझा वाढदिवस विचारा, अडखळतील.

त्या डबीचे काय लाड! दर कामाला नवे सेल. अर्धवट वापरलेले घड्याळांना, त्यामुळे आमच्या घरात तीन घड्याळं आणि तीन वेळा. काम संपलं की सेल बाहेर, कारण आत राहून पाझरले तर यंत्र खातात म्हणे. मायक्रोफोनचं स्पंजचं टोपरं साबणाच्या कोमट पाण्यात स्वतःच्या हातानं धुणार, सावलीत वाळवणार. माझे कपडे उन्हात विटले तरी कुणाचं लक्ष नाही! आणि मुख्य रेकॉर्डिंग चालू असताना तोच आवाज बारा अंक हळू असा दुसऱ्या फाइलीतही उतरवणार.

“एकाच बोलण्याच्या दोन प्रती कशाला हो?” मी विचारायचे.

“माणूस कधी ओरडेल, सांगता येतं का?” हे म्हणायचे. म्हणताना माझ्याकडेच का बघायचे, देव जाणे.

माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की तो थांबवायची हिंमत जगात एकाच माणसाची. माझी धाकटी बहीण. शाळेत खेळ शिकवायची. शिट्टी गळ्यात असायची ती नुसती शोभेला, कारण तिच्या एका हाकेत अख्खं मैदान जागच्या जागी उभं राहायचं. तिच्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. सोमवारी दवाखान्यात भरती. तिच्या लेकीला सातवा महिना होता.

“भावोजी,” ती यांना घोगऱ्या आवाजात म्हणाली, “बाळाला आजी कशी बोलायची ते कळलं पाहिजे. एवढं करा माझ्यासाठी.”

शनिवारी सकाळी आम्ही तिच्याकडे गेलो. यांनी खिडक्या लावल्या, दारावर जाड पांघरूण टांगलं, घुरघुर नको म्हणून फ्रिज बंद केला आणि आमच्या घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली. ही यांची जुनी रीत. किल्ली घ्यायला फ्रिज उघडावाच लागतो, म्हणजे तो परत सुरू करायचा राहत नाही. मग कानाला हेडफोन लावून म्हणाले, “सकाळपासून काय काय केलंत, ते सांगा.” आवाजाचा अंदाज घ्यायला हे सगळ्यांना हेच विचारतात. आणि पट्टी नीट बसली की आवाजाचं बटण मुद्दाम थोडं खाली घेतात, कारण माणसं चाचणीला हळू बोलतात आणि खऱ्याला जोरात.

त्या दिवशी मात्र यांनी बटण वर घेतलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की यांना त्यातला श्वासही सोडवेना.

तिनं कागदावर लिहून आणलेलं वाचायला घेतलं. “प्रिय बाळा, मी तुझी आजी बोलत आहे.” वीज जाणार असल्याची सूचना वाचावी तसं. हे थांबवत होते, मायक्रोफोन दोन बोटं सरकवत होते, पुन्हा वाचायला लावत होते. डॉक्टरांनी अर्ध्या तासापेक्षा जास्त बोलू नका म्हणून बजावलेलं, आणि वीस मिनिटं यातच गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अहो, पुरे झालं तुमचं ते उणे बारा!” मी ओरडले. “तिचा आवाज चाललाय आणि तुम्ही बटणं कसली पिळताय? घाला ती डबी चुलीत! जन्मभर हेच केलंत, निदान आज तरी...”

“ए ताई, गप बस गं!” बहीण कडाडली. “किती बोलतेस! तोंड आहे की भोंगा? करू दे की त्यांना त्यांचं काम!”

जरा घोगरा, पण तोच आवाज. मैदानावरचा. मग ती खोकायला लागली ती थांबेचना, आणि थांबली तेव्हा गळ्यातून नुसती हवा येत होती. तिनं मान हलवली. संपलं.

मी काचेकडे बघितलं. पट्टी शून्याला टेकली की लागतो तो तांबडा दिवा लागलेला. बटण वर घेतलेलं, म्हणजे आवाज फाटला. बहिणीचा शेवटचा खरा आवाज, आणि तो माझ्या भांडकुदळपणानं गेला!

यांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं. चेहरा पांढराफटक. मग ती दुसरी, हळू आवाजाची फाइल लावली आणि डोळे मिटून घेतले. मी यांच्या तोंडाकडे बघत उभी. बऱ्याच वेळानं यांनी हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवला.

सगळं होतं. स्वच्छ. ‘भोंगा’सुद्धा.

मी यांचा हात घट्ट धरला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला त्या दुसऱ्या प्रतीला नावं ठेवावीशी वाटली नाहीत. घरी पोहोचल्यावर कळलं, किल्ली अजून तिच्या फ्रिजमध्येच आहे आणि फ्रिज बंद. यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

त्याला आता आठ महिने झाले. मागच्या रविवारी आम्ही बहिणीकडे गेलो होतो. तिच्या गळ्याला रुमाल, मांडीवर नातू. हे कुठल्याशा कामावरून आलेले, तिथंच टेबलावर सगळं मांडून सेल काढत बसले, आणि मी सुरू झाले. घर कुणाचं, पसारा कुणाचा, वगैरे. बहिणीनं शांतपणे फोन उचलला आणि बटण दाबलं.

“ए ताई, गप बस गं! किती बोलतेस!”

मी गप बसले. डोळे भरून आले ते मी पदराआड केले नाहीत, बघू देत काय ते. फोन तिच्या हातात होता, पण बाळ मान वर करून बघत होतं ते आजीच्या तोंडाकडे.